गेममधला जाफर, इतिहासातला जाफर

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या जुन्या कम्प्युटर गेममधल्या खलनायकाचे नाव जाफर आहे. तो सुलतानाचा वजीर. १९८९ साली अमेरिकेत आलेला हा गेम नव्वदच्या दशकात फ्लॉपीतून आपल्या तालुक्यांच्या गावांपर्यंत पोचला. आज चाळिशीत असलेल्या आमच्या पिढीने कम्प्युटरवर जे पहिल्यांदा पाहिले, त्यात तो होता. मागच्या हिवाळ्यात मी तो लॅपटॉपवर पुन्हा खेळलो. कुठे धावायचे, कुठे पाऊल जपून टाकायचे, कुठली फरशी पायाखालून निसटते, हे बोटांना अजून पाठ होते. डोके मात्र या वेळी खेळापेक्षा त्या नावाकडे लागले. जाफर नावाचा एक वजीर इतिहासात खरोखर होऊन गेला. त्याची गोष्ट गेममधल्या गोष्टीच्या नेमकी उलट आहे. ती उलटी कशी झाली आणि त्याचा आपल्या वऱ्हाडाशी काय संबंध, हे या लेखात मांडतो आहे.

फ्लॉपीतून आलेला इराण

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशिम जिल्हा वेगळा झाला. त्या सुमारास मंगरूळपीर, कारंजा, रिसोड या गावांत कम्प्युटर क्लासच्या पाट्या दिसू लागल्या होत्या. एमएस-सीआयटी यायला अजून तीन वर्षे होती. मंगरूळपीर हे दादा हयात कलंदरांच्या दर्ग्याचे गाव. तिथल्या एका क्लासमध्ये अब्बांनी माझे नाव घातले. दुकानाच्या गाळ्यात चार कम्प्युटर, काचेचे दार, बाहेर चपलांचा ढीग. आत डॉसच्या कमांड शिकवायचे, मग वर्डस्टार, मग फॉक्सप्रो. सर चहाला गेले की कुणीतरी काळ्या पडद्यावर ‘प्रिन्स’ टाइप करायचे.

पडद्यावर अंधारी तळघरे यायची. पांढऱ्या कपड्यातला एक तरुण वरून खाली पडायचा आणि मागे दरवाजा बंद व्हायचा. गोष्ट अशी: सुलतान परदेशात लढाईवर गेला आहे. मागे वजीर जाफर राज्य बळकावून बसला आहे. त्याने शहजादीला अट घातली आहे की एका तासात माझ्याशी लग्न कर, नाहीतर मर. तिचा प्रियकर तळघरात कैदेत आहे. त्याने साठ मिनिटांत वर महालापर्यंत पोचायचे. वाटेत अणकुचीदार भाले, मधोमध कापणारी दाराएवढी पाती, पहारेकरी, एक हाडांचा सापळा. स्पेसबार दाबला की किती मिनिटे उरली ते खाली दिसायचे. त्या काळी आमच्याकडे वीज कधी जाईल याचा भरवसा नव्हता, त्यामुळे तास पुरा व्हायच्या आधीच पडदा काळा व्हायचा. तिसऱ्या लेव्हलपासून कंट्रोल आणि जी ही बटणे दाबून खेळ जपून ठेवता येतो, हे कळले तेव्हा आम्हाला खजिना सापडल्यासारखे झाले.

पहिली लेव्हल पार केली की एक खोली लागायची. तिथे अनेक बाटल्या, प्रत्येक बाटलीवर एक इंग्रजी अक्षर. गेमसोबत येणाऱ्या पुस्तिकेतल्या अमुक पानावरच्या, अमुक ओळीतल्या, अमुक शब्दाचे पहिले अक्षर ओळखून ती बाटली प्यायची. चुकीची प्यायली की खेळ खल्लास. नक्कल करून गेम वापरणाऱ्यांना अडवण्याची ती युक्ती होती. आमच्याकडे पुस्तिका कुठून असणार? अकोल्याहून कुणीतरी फ्लॉपी आणली होती, इतकेच माहीत. मग पोरांनी एका वहीत अंदाजाने अक्षरे लिहून काढली. कोणत्या पानाला कोणते अक्षर चालले, कोणते नाही. ती वही हातोहात फिरायची. ज्या पुस्तिकेचे तोंडही पाहिले नव्हते, तिची अर्धी किल्ली वाशिम जिल्ह्यातल्या पोरांनी मरून मरून तयार केली होती.

एका नावाचे तीन अर्थ

आमच्या बॅचमध्ये जाफर याच नावाचा एक मुलगा होता. पोरांनी त्याच्यापुरता एक नियम केला होता: शेवटच्या लेव्हलला जाफरशी लढाई लागली की त्याने खुर्चीवरून उठायचे. ‘तू तुलेच कसा मारशीन?’ असे कुणीतरी म्हणायचे आणि सगळे हसायचे. तोही हसायचा. काही दिवसांनी तो शेवटची लेव्हल यायच्या आधीच घरी जाऊ लागला.

आम्ही मुसलमान मुलांनी हे नाव तोवर दुसऱ्याच ठिकाणी ऐकलेले होते. रजब महिन्याच्या २२ तारखेला अनेक घरांत इमाम जाफर सादिक यांच्या नावाने कुंडे भरतात. खीर-पुरीवर नियाज होते आणि मोहल्ल्यातली पोरे या घरून त्या घरी खात फिरतात. काही घरे ही प्रथा मानत नाहीत. तो वाद आपल्याकडे जुना आहे. पण मानणाऱ्या आणि न मानणाऱ्या, दोन्ही घरांत इमाम जाफर सादिक यांचे नाव अदबीनेच घेतले जाते. इसवी सन ७६५ मध्ये मदिनेत वारलेले हे फार मोठे विद्वान. त्यांच्याही आधीचे जाफर म्हणजे पैगंबरांचे चुलतभाऊ जाफर बिन अबी तालिब. मक्केतला छळ चुकवून जे लोक हबशा देशात आसऱ्याला गेले, त्यांच्या वतीने तिथल्या ख्रिस्ती राजापुढे बोलणारे ते. अरबीत या शब्दाचा अर्थ आहे ओढा, लहानशी नदी. मुलाचे नाव ठेवताना घरच्यांच्या मनात हे सगळे असते.

शाळेत मात्र हे नाव आले की मीर जाफर यायचा. १७५७, प्लासी, फितुरी. आणि क्लासमध्ये कम्प्युटरवरचा जाफर. म्हणजे घरात हे नाव खिरीसोबत येत होते, शाळेत दगाबाजीसोबत आणि पडद्यावर तलवारीसोबत. दहा-बारा वर्षांच्या पोराला या तिघांचा मेळ लावता येत नाही. तो जे सगळ्यात जास्त वेळा पाहतो, ते लक्षात ठेवतो. आम्ही सगळ्यात जास्त वेळा पडद्यावरचा जाफर पाहिला.

खरा वजीर

आता इतिहासातल्या वजिराकडे वळू. त्याचे पूर्ण नाव जाफर बिन याह्या अल-बरमकी. बगदादचा खलिफा हारून अल-रशीद याच्या दरबारातला तो सर्वांत जवळचा माणूस. हारूनची कारकीर्द ७८६ ते ८०९ अशी. जाफरचा बाप याह्या हा हारूनचा गुरू आणि मुख्य वजीर, भाऊ फजल हाही मोठ्या पदावर. या घराण्याला बरमकी म्हणतात. ‘बरमक’ हा शब्द संस्कृत ‘प्रमुख’ या शब्दावरून आला, असे अभ्यासक मानतात. कारण हे घराणे मूळचे बल्ख शहराचे, आजच्या उत्तर अफगाणिस्तानातले, आणि तिथल्या ‘नवविहार’ नावाच्या बौद्ध मठाचे ते प्रमुख होते. चिनी प्रवासी युआन श्वांग सातव्या शतकात भारताकडे येताना याच मठात थांबला होता. पुढे या घराण्याने इस्लाम स्वीकारला आणि अब्बासी खिलाफत उभी राहताना ते तिच्या कारभारात शिरले.

बरमकींना भारताचे माहेर तुटले तरी ओढ राहिली. दहाव्या शतकातला बगदादचा ग्रंथसूचीकार इब्न अल-नदीम याने आपल्या ‘फिहरिस्त’मध्ये नोंदवले आहे की याह्या बरमकीने एक माणूस भारतात पाठवला. इथल्या औषधी वनस्पती आणायच्या आणि इथल्या धर्मांची माहिती लिहून आणायची, हे त्याचे काम. त्याच ग्रंथात मंका नावाच्या भारतीय वैद्याचा उल्लेख आहे. याह्याच्या सांगण्यावरून त्याने सुश्रुतसंहितेचे भाषांतर केले. बरमकींच्या इस्पितळावर इब्न धन नावाचा भारतीय वैद्य होता. सुश्रुताचे नाव अरबीत ‘सुस्रुद’ झाले आणि त्याचा ग्रंथ बगदादच्या इस्पितळात वापरला गेला, तो या वजिरांच्या घराण्यामुळे.

जाफरकडे खलिफाच्या मुलाची, अल-मामूनची, जबाबदारी होती. हाच मामून पुढे खलिफा झाला आणि त्याच्या आश्रयाने अल-ख्वारिज्मीने काम केले. भारतीय अंकांनी हिशेब कसा करायचा, हे सांगणारा ग्रंथ अल-ख्वारिज्मीचा. युरोपने तो लॅटिनमध्ये वाचला आणि त्याच्या नावाचा अपभ्रंश करून ‘अल्गोरिदम’ हा शब्द घडवला. कम्प्युटरमधला प्रत्येक प्रोग्राम म्हणजे एक अल्गोरिदम. ज्या वजिराच्या हाताखाली मामून वाढला, तोच वजीर हजार-बाराशे वर्षांनी एका प्रोग्राममध्ये खलनायक म्हणून आला.

इसवी सन ८०३च्या जानेवारीत एका रात्री हारूनने जाफरचे डोके उडवायचा हुकूम दिला. वय चाळिशीच्याही आत. बगदादमध्ये त्याच्या देहाचे तुकडे पुलांवर टांगले गेले. म्हातारा याह्या आणि फजल यांना कैदेत टाकले आणि दोघेही कैदेतच वारले. कारण काय? लोकांमध्ये एक कथा पसरली की जाफरचे खलिफाच्या बहिणीशी, अब्बासाशी, संबंध होते. ही कथा अजूनही रंगवून सांगितली जाते. पण चौदाव्या शतकात इब्न खल्दूनने आपल्या ‘मुकद्दिमा’त ती सपशेल नाकारली. त्याचे म्हणणे साधे आहे: सत्ता आणि महसूल बरमकींच्या हातात एकवटला होता. खलिफाला स्वतःच्याच राज्यात थोड्या पैशासाठी त्यांच्याकडे मागणी करावी लागत होती. मत्सर करणारे दरबारात कमी नव्हते. कारण राजकीय होते, प्रेमप्रकरण नंतर चिकटवले गेले.

म्हणजे इतिहासात बादशहाने वजिराला मारले आणि गेममध्ये वजीर बादशहाचे राज्य लुटतो. गेममधला सुलतान कुठे आहे, हा प्रश्न आम्ही लहानपणी कधी विचारला नाही. तो परदेशात लढाई करतो आहे, एवढेच सुरुवातीला सांगितले जाते. तो शेवटपर्यंत येत नाही. राज्य, मुलगी, रयत सगळे सोडून गेलेला माणूस निर्दोष राहतो.

नाव काळे कसे झाले

‘अलिफ लैला’ म्हणजे अरबी कथांमध्ये जाफर वाईट नाही. हारून वेष बदलून रात्री बगदादमध्ये फिरतो, तेव्हा सोबत जाफर आणि मसरूर असतात. जाफर हा तिथे शहाणा, थोडा घाबरट, खलिफाच्या लहरीला तोंड देणारा माणूस आहे. ‘तीन सफरचंदे’ या कथेत तैग्रिस नदीत एका पेटीत तरुणीचे प्रेत सापडते. हारून जाफरला म्हणतो, तीन दिवसांत खुनी शोध, नाहीतर तुझ्यासोबत तुझ्या चाळीस नातलगांना फाशी. ही कथा पुन्हा वाचताना मी थबकलो. डोक्यावर टांगलेली मुदत, हुकूम देऊन मोकळा झालेला राजा आणि जीव वाचवायला धडपडणारा माणूस. गेममधल्या नायकाची अवस्था तीच आहे. फरक इतकाच की कथेत धडपडणारा जाफर आहे आणि मुदत घालणारा बादशहा. गेममध्ये मुदत घालणारा जाफर झाला.

फ्रेंच विद्वान अंत्वान गालां याने १७०४पासून या कथा फ्रेंचमध्ये आणल्या आणि युरोपला त्यांचे वेड लागले. मराठीत कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकोणिसाव्या शतकात ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ या नावाने त्या आणल्या. म्हणजे मराठी वाचकाला जाफर पहिल्यांदा भेटला तो चिपळूणकरांच्या हातून, आणि तो खलनायक नव्हता.

खलनायक जाफर पडद्यावर ठसला १९४० साली, ‘द थीफ ऑफ बगदाद’ या सिनेमात. त्यात जाफर हा जादूगार वजीर आहे. तो बगदादच्या तरुण राजाला फसवून कैदेत टाकतो आणि बसऱ्याच्या शहजादीवर डोळा ठेवतो. चोराचे काम केले होते म्हैसूर संस्थानातल्या एका माहुताच्या मुलाने, साबूने. जाफर झाला होता कॉनराड फाइट. आणि इथे मला थांबावेसे वाटते. फाइट हा जर्मन नट. त्याची बायको ज्यू होती आणि नाझी सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये त्याने देश सोडला. निर्माता अलेक्झांडर कोर्डा हंगेरीतला ज्यू. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ करणारा जॉर्डन मेकनर न्यूयॉर्कचा. त्याचे वडील लहानपणी व्हिएन्नातून नाझींपासून पळालेल्या ज्यू कुटुंबातले. गेमचे संगीत त्यांनीच दिले आहे. म्हणजे ज्यांनी हा जाफर पडद्यावर रंगवला, ते स्वतः बदनामीचे आणि निर्वासितपणाचे चटके खाल्लेले लोक. मुसलमानांना बदनाम करायचे म्हणून कुणी बसून हे नाव निवडले, असे म्हणायला काही आधार नाही.

म्हणूनच ही गोष्ट मला जास्त गंभीर वाटते. द्वेषाने रचलेली गोष्ट ओळखता येते, तिला उत्तर देता येते. इथे कुणाचा द्वेष नव्हता. गोष्टीला एक वजीर हवा होता, वजिराला एक नाव हवे होते, आणि ‘अलिफ लैला’मुळे वजीर म्हटले की जाफर हेच नाव सगळ्यांना माहीत होते. सिनेमाने ते घेतले, गेममध्ये ते आले. १९९२ मध्ये डिस्नेच्या ‘अलादिन’मध्येही वजीर जाफरच. मूळ अलादिनच्या गोष्टीत जाफर कुठेच नाही. तिथे खलनायक मगरिबकडचा एक जादूगार आहे, गोष्ट चीनमध्ये घडते, आणि गालांला ती सांगितली होती हलबच्या हन्ना दियाब नावाच्या ख्रिस्ती कथेकऱ्याने. प्रत्येकाने आधीच्याकडून थोडे उचलले. शेवटी खरा माणूस कुणालाच आठवला नाही.

आपल्या घरातला जाफर

ही सगळी बगदादची गोष्ट झाली. पण इराणातून आलेला, नेकीने कारभार करणारा आणि आपल्याच सुलतानाच्या हुकुमाने मारला गेलेला वजीर आपल्या दख्खनमध्येही होऊन गेला. त्याचे नाव ख्वाजा महमूद गवान. कास्पियन समुद्राकाठच्या गिलान प्रांतातला हा व्यापारी पंधराव्या शतकाच्या मध्याला दाभोळ बंदरात उतरला आणि बिदरला बहमनी दरबारी आला. हळूहळू तो राज्याचा मुख्य वजीर झाला. १४७२ मध्ये त्याने बिदरला मदरसा बांधला. निळ्या-हिरव्या मिनाकारीच्या फरशांचा तो मिनार आणि ती भिंत आजही अर्धवट उभी आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस दारूच्या स्फोटात बाकीचा भाग गेला.

गवानने राज्याचे चार मोठे सुभे मोडून आठ केले. वऱ्हाडचे दोन भाग झाले: उत्तरेला मेळघाटातला गाविल आणि दक्षिणेला माहूर. आजचा वाशिम जिल्हा या दोन किल्ल्यांच्या मधल्या पट्ट्यात येतो. सुभेदाराच्या ताब्यात फक्त एक किल्ला ठेवायचा, बाकीच्या किल्ल्यांवर सुलतानाने थेट माणसे नेमायची, असाही नियम त्याने केला. जमिनीची मोजणी सुरू केली. अर्थात बड्या सरदारांचे हात बांधले गेले, आणि तिथून त्याच्याविरुद्ध कट शिजला.

त्याचा शिक्का सांभाळणाऱ्या गुलामाला दारू पाजून एका कोऱ्या कागदावर शिक्का मारून घेतला गेला. वर ओरिसाच्या राजाला चढाईचे निमंत्रण देणारा मजकूर लिहिला गेला. ते पत्र सुलतान मुहम्मदशाह तिसरा याच्यापुढे ठेवले. सुलतान नशेत होता. शिक्का माझा आहे, पत्र माझे नाही, असे गवानने सांगितले. ५ एप्रिल १४८१ रोजी सत्तरीच्या घरातल्या या वजिराचे डोके उडवण्यात आले. नंतर त्याची दौलत मोजली, तर लोकांना वाटत होते तसा खजिना निघाला नाही. सुलतानाला पश्चात्ताप झाला, पण वर्षभरातच तोही गेला.

या प्रसंगात वऱ्हाडची एक नोंद आहे, ती आपण विसरता कामा नये. फरिश्ता सांगतो की वजिराच्या खुनानंतर गाविलचा फतहुल्ला इमाद-उल-मुल्क आणि माहूरचा खुदावंद खान यांनी आपापल्या फौजा घेऊन शाही छावणी सोडली आणि लांब तळ ठोकला. ज्या दरबारात गवानसारख्याचा न्याय असा होतो, तिथे आपले काय, असा त्यांचा सवाल होता. फतहुल्ला हा मूळचा विजयनगरच्या मुलखातल्या हिंदू घरचा, लहानपणी कैद होऊन वऱ्हाडात वाढलेला. गवानच्या सुधारणेने त्याचीही सत्ता आटली होती. तरी खोट्या पत्राचा निषेध करायला तो मागे राहिला नाही. पुढे १४९०च्या सुमारास त्याने वऱ्हाडात इमादशाही स्थापली. बहमनी राज्याची पाच शकले झाली. गेममध्ये वजीर मेला की खेळ संपतो. दख्खनमध्ये वजीर मेल्यावर राज्यच संपले.

तलवार म्यान करण्याची लेव्हल

गेमवर माझा राग नाही. उलट इतक्या वर्षांनी खेळताना त्यामागची मेहनत जास्त कळली. मेकनरने १९८५ मध्ये आपल्या धाकट्या भावाला पांढरे ढगळ कपडे घालून एका मोकळ्या पार्किंगमध्ये धावायला, उड्या मारायला लावले आणि व्हिडिओ काढला. टीव्हीच्या पडद्यावरून एकेक चित्राचे फोटो घेतले, बाह्यरेषा गिरवल्या आणि त्या कम्प्युटरमध्ये घातल्या. म्हणून तो तरुण इतका खऱ्या माणसासारखा धावतो, कठड्याला लोंबकळतो. तलवारबाजी १९३८च्या रॉबिन हूडच्या सिनेमातून अशीच उतरवली. चार वर्षे हे काम चालले. गेमचा मूळ प्रोग्रामच हरवला होता. तो २०१२ मध्ये वडिलांना घरातल्या एका खोक्यात फ्लॉप्यांवर सापडला आणि मेकनरने तो सर्वांसाठी खुला केला.

अॅपल टू या कम्प्युटरची मेमरी अवघी १२८ केबी. नवा शत्रू काढायला जागाच उरली नव्हती. मग मेकनरने नायकाचीच चित्रे जराशी सरकवून, चमकवून एक छाया तयार केली. चौथ्या लेव्हलला नायक आरशातून उडी मारतो आणि ही छाया त्याच्यातून बाहेर पडते. पुढे ती त्याचे औषध पिते, त्याला खड्ड्यात पाडते. बाराव्या लेव्हलला दोघे तलवारी घेऊन समोरासमोर येतात. छायेला मारलेला प्रत्येक घाव नायकालाही लागतो. ती मेली तर तोही मरतो. इथे जिंकायचा एकच मार्ग आहे: तलवार म्यान करायची आणि चालत पुढे जायचे. मग दोघे एक होतात. आम्हाला हे समजायला कितीतरी दिवस लागले होते. आमच्या बॅचमध्ये ते पहिल्यांदा शोधले त्याच मुलाने, ज्याचे नाव जाफर होते. पुढची लेव्हल त्याला खेळू दिली नव्हती.

आज हा गेम कुणालाही मोबाइलवर, ब्राउझरमध्ये सापडतो. मुलांना तो जरूर खेळू द्या. सोबत त्यांना बगदादच्या पुलांवर टांगलेल्या त्या वजिराबद्दल सांगा, सुश्रुताला अरबीत नेणाऱ्या त्याच्या बापाबद्दल सांगा. सुट्टीत जमले तर नांदेडमार्गे बिदरला न्या आणि गवानचा मदरसा दाखवा. चिपळूणकरांचे अरबी गोष्टींचे भाग तालुक्याच्या वाचनालयात मिळण्यासारखे आहेत. त्यात ‘तीन सफरचंदां’ची गोष्ट काढून द्या आणि तीन दिवसांची मुदत कोण घालतो ते मुलांनाच शोधू द्या.